नोंदणी तपासा, पण आमची कुंडली मांडू नका

संपादक महोदय,
स. न.

‘बोगस नर्स’ या विषयावर आपल्या स्तंभात अलीकडे एका वाचकांचे पत्र आले होते. प्रत्येक नोंदणीकृत परिचारिकेचे नाव, फोटो, पत्ता, फोन सगळे ऑनलाइन टाका, म्हणजे लोकांची फसवणूक थांबेल, असे त्यांचे म्हणणे. दुखणे त्यांनी बरोबर ओळखले. औषध मात्र भलत्यालाच पाजायला निघाले आहेत.

मी सरकारी रुग्णालयांत आधी स्टाफ नर्स आणि पुढे इन्चार्ज सिस्टर (परिसेविका) म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. खासगी दवाखान्यांत ‘सिस्टर’ म्हणून वावरणाऱ्या कितीतरी मुलींकडे ना जीएनएम ही नर्सिंगची पदविका असते ना एएनएम हे सहायक परिचारिकेचे प्रमाणपत्र, हे आमच्या क्षेत्रात कुणाला नवीन नाही. कुठल्याशा सहा महिन्यांच्या कोर्सचा कागद असतो, सलाइन लावता आली की झाली सिस्टर. पगार कमी द्यावा लागतो, म्हणून मालकालाही तीच परवडते. पण ही मुलगी नर्सेसची नोंदणी करणाऱ्या राज्य नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत मुळी नाहीच. नोंदवही कितीही उघडी केलीत तरी तिचे काही बाहेर येणार नाही. चव्हाट्यावर येईल ती हॉस्टेलात तीन-साडेतीन वर्षे काढून जीएनएम झालेली आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी क्रेडिट अवर्स (प्रशिक्षणाचे तास) जमवत फिरणारी.

रुग्णाला काय कळायला हवे? सुई धरलेली बाई शिकलेली आहे का, तिची नोंदणी चालू आहे का आणि तिच्यावर काही कारवाई झाली आहे का. नाव, नोंदणी क्रमांक, अर्हता, मुदत आणि कारवाई असल्यास तिची नोंद, एवढ्यावर काम भागते. माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या संकेतस्थळावर तिचे नाव घालून मी पाहिले. ती कोणत्या शाखेची नर्स, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, सगळे समोर आले. घरचा पत्ता काही आला नाही. (तो मलाही फोन करूनच विचारावा लागतो, सारखी घरे बदलते.) अमेरिकेत ‘नर्सिस’ नावाच्या ऑनलाइन सोयीत कुणीही फुकटात नर्सचा परवाना तपासू शकतो. कॅलिफोर्नियात परवानाधारकाने नोंदवलेला पत्ता जाहीर करावा लागतो खरा, पण घराऐवजी पोस्ट बॉक्स देण्याची मुभा तिथल्या कायद्यानेच ठेवली आहे.

डॉक्टरांचे देतात मग नर्सचे का नाही, असे कुणी म्हणेल. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टरांच्या नोंदवहीत नाव आणि पत्ता आहेच. पण बहुतेक डॉक्टरांना दवाखान्याचा पत्ता लोकांना कळायलाच हवा असतो, त्यावर त्यांचे पोट चालते. नर्सचा कुठला दवाखाना? तिने कौन्सिलला दिलेला पत्ता घराचाच असतो. शिवाय तिच्या ड्यूट्या पाळीच्या. कधी रात्री ती घरात नसते, कधी दुपारी एकटीच झोपलेली असते.

आता त्या वाचकांना कदाचित ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. कौन्सिलच्या नोंदवहीपेक्षा किती तरी जास्त माहिती सरकारी नोकरीतल्या परिचारिकांबद्दल आजच इंटरनेटवर पडलेली आहे, आणि ती कुणी चोरलेली नाही. आमच्याच कार्यालयांनी ती घातली आहे. १ जानेवारीची तात्पुरती सेवाज्येष्ठता यादी घ्या. नाव, कुठे कुठे कंसात माहेरचे नाव, जन्मतारीख, जातीचा प्रवर्ग, नेमणुकीची तारीख, सध्याचे ठिकाण, निवृत्तीची तारीख आणि शेवटी शेरा. यादी काढण्यामागचा हेतू चांगला आहे. माझ्यानंतर लागलेली माझ्या वर कशी गेली, हे पाहून हरकत घेता यावी म्हणून ती असते. मीही घेतली आहे. पूर्वी ती कार्यालयातल्या बोर्डावर टाचणीने लावत. हरकतींची मुदत संपली की खाली उतरायची, नाही उतरली तर पावसाळ्यात ओल धरून गळून पडायची. आता ती पीडीएफ होऊन संकेतस्थळावर चढते आणि तिथेच राहते. जुनी यादी काढून टाकायचे काम कुणाच्याच टेबलावर नाही. आधी स्कॅन केलेल्या, धड न वाचता येणाऱ्या प्रती असत. आता युनिकोडमध्ये टाइप होतात, म्हणजे गूगलमध्ये नाव टाकायचा अवकाश.

त्यातली निवृत्तीची तारीख नीट बघा. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती पडायची वेळ साधारण तीच. फोनवरून पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अटके’ची धमकी देणाऱ्या भामट्याला आणखी काय हवे? अमेरिकेत कित्येक राज्यांच्या नर्सिंग बोर्डांना आपल्या नर्सेसना इशारे द्यावे लागले आहेत. ‘बोर्डातून बोलतो, तुमचे लायसन्स निलंबित होणार आहे’ असा फोन येतो, परवाना क्रमांकही बरोबर सांगतात, आणि घाबरलेली बाई पैसे भरून मोकळी होते. आपल्याकडे तर नावासोबत जन्मतारीख आणि जातही आयती मिळते.

याहून वाईट बदल्यांची यादी. जिल्हा परिषदेच्या बदल्यांत विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी अशा कर्मचाऱ्यांना सवलत आहे. ती असलीच पाहिजे. पण सवलत कशासाठी मिळाली ते शेऱ्यात लिहितात आणि यादी जगजाहीर करतात. माझ्या ओळखीची एक आरोग्यसेविका उपकेंद्रावर होती. तिच्या नावापुढे ‘परित्यक्ता’ असा शेरा. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बायका पोरे घेऊन बसलेल्या असताना गावातला एक टारगट दारात उभा राहून मोबाइलवरची यादी मोठ्याने वाचू लागला आणि तिच्या शेऱ्यापर्यंत येऊन थांबला. तिच्यासमोर पेंटा लसीच्या डोससाठी आणलेले बाळ होते. तिने डोस दिला, कार्डावर तारीख घातली, आईला तापाची गोळी कशी द्यायची ते सांगितले आणि मगच उठून त्याला बाहेर काढले. त्यानंतर रात्री क्वार्टरच्या दारावर थापा पडू लागल्या. आरोग्यसेविकेला मुख्यालयी राहणे सक्तीचे. उपकेंद्राचा पत्ता तोच तिच्या घराचा. ती कुठे राहते हे गावाला माहीतच होते. ती एकटी राहते आणि का राहते, याची खात्री मात्र सरकारी कागदाने करून दिली.

यादीतला शेरा तरी काढा, असा अर्ज तिने केला. ‘पारदर्शकतेसाठी यादी जाहीर करावीच लागते’, एवढेच उत्तर मिळाले. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. शेजारच्या जिल्ह्यात वेगळे चित्र दिसेल असेही नाही.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा आपल्या मदतीला येईल, असे मला वाटले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. नात्यातल्या एका वकिलाने कलम ३ वाचायला दिले. एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जी व्यक्तिगत माहिती सार्वजनिक केली जाते, तिला हा कायदा लागूच होत नाही! म्हणजे एकदा ‘नियमाप्रमाणे जाहीर केली’ असे म्हटले की तक्रारीची वाट जवळपास बंद. कात्री लावायची तर काय जाहीर करायचे हे ठरतानाच लावली पाहिजे. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्यात राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर ऑनलाइन नोंदवह्या ठेवायच्या आहेत. त्यातले कोणते रकाने लोकांना दिसतील आणि कोणते फक्त कार्यालयाला, याचा विचार आमच्या संघटनांनी आताच मांडायला हवा. पगार आणि पदोन्नतीच्या मागण्यांत हा विषय कुणाच्या यादीत येत नाही, हा आमचाही दोष आहे.

एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर माझ्या पत्राचा उपयोग भलतेच लोक करतील. मला पडदा नको आहे. नव्या विदा कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला खासगीपणाचा अपवाद रुंद केला, म्हणून कार्यकर्ते ओरडत आहेत आणि त्यांचे बरोबर आहे. कुठल्या रुग्णालयात किती पदे रिकामी, कोण किती वर्षे एकाच सोयीच्या जागी ठाण मांडून आहे, कुणाची बदली कशी रद्द झाली, हे लोकांना दिसलेच पाहिजे. बदल्यांच्या मोसमात काय काय चालते ते मी आत राहून पाहिले आहे. पण त्यासाठी कुणाची जन्मतारीख लागत नाही, की कुणाचा नवरा गेला की सोडून गेला हे लागत नाही. ‘विशेष सवलत, कागदपत्रे तपासली’ एवढे लिहा. कुणाला शंका असेल तर हरकत घेऊ द्या, सुनावणीत कागद दाखवा. ज्येष्ठतेची यादी सेवार्थ क्रमांकाने (सरकारी पगार प्रणालीतल्या ओळख क्रमांकाने) लॉगिन करणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरती ठेवली, तरी हरकतीचा हक्क जागच्या जागी राहतो.

फोटोबद्दल माझे मत अजून पक्के नाही. दुसऱ्याच बाईच्या प्रमाणपत्रावर काम करणारीला पकडायचे तर चेहरा दिसावा लागतो. पण तरुण नर्सचा फोटो नावासकट मोकळा सोडला की त्याचे काय होते, हे कोणत्याही मेट्रनला विचारा. तो नेमणूक करणाऱ्या रुग्णालयाला दिसावा, सर्वांना नको, असा सध्या माझा कल आहे.

आणि त्या वाचकांना एक सांगणे. बोगस सिस्टर शोधायची असेल तर दवाखान्याच्या दर्शनी भागात ड्यूटीवरच्या नर्सेसची नावे आणि नोंदणी क्रमांक लावायला मालकाला भाग पाडा. क्रमांक नसलेली कोण, ते भिंतीवरच कळेल.

जिल्हा परिषदांच्या बदल्यांच्या याद्या उन्हाळ्यात निघतात. यंदाची यादी चढवण्याआधी शेऱ्याचा रकाना काढावा आणि गेल्या वर्षांच्या फाइली संकेतस्थळावरून उतरवाव्यात, अशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करते. एका कर्मचाऱ्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, छापू नये.)