कादंबरी सांगते कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वर्ष संपत आले की आपल्या रविवारच्या पुरवणीत वर्षभरातील उल्लेखनीय पुस्तकांची यादी येते आणि ती मी आवडीने वाचतो. त्या यादीत कादंबरीची ओळख बहुधा एका ओळीत उरकलेली असते: ही शेतकऱ्यांच्या हलाखीवरची, ती धरणग्रस्तांवरची, तिसरी महानगरातल्या एकटेपणावरची. गेले वर्षभर मी मराठी कादंबऱ्या, काही पहिल्यांदाच आणि काही बऱ्याच वर्षांनी पुन्हा, एकापाठोपाठ एक वाचल्या, आणि अशा ओळखीतून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही असे माझे मत झाले. कादंबरी कशावर आहे यापेक्षा ती कोण सांगते आहे, यावर तिचे बरेवाईट ठरते.

हा विचार मनात आला तो दोन यमुनांमुळे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. दोन्हींत हिंदू विधवांची दुःखे आहेत आणि दोन्हींच्या नायिकेचे नाव एकच आहे. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणच्या विधवांच्या हकीकती तिच्या कानी येतात, आणि त्या हकीकतींवर लेखक आपले प्रतिपादन उभे करत जातो. पदमनजींच्या कळवळ्याविषयी शंका घ्यायला जागा नाही, परंतु पुस्तक मिटल्यावर माझ्या लक्षात राहिले ते मुद्दे. हरिभाऊंची यमू मात्र आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणची भांडणे, आईचे घर, सासरची माणसे, नवऱ्याने लावलेली वाचनाची गोडी हे सारे ती इतक्या बारकाईने आणि इतक्या सवडीने सांगते की, पुढे तिचे बळजबरीने केशवपन होते तेव्हा ‘विधवांचा प्रश्न’ हा शब्दप्रयोगदेखील आपल्याला आठवत नाही. मुंबईच्या प्रकरणांतील सुधारणेच्या चर्चा मला लांबल्यासारख्या वाटल्या. तेथे यमूच्या आडून हरिभाऊ बोलू लागतात आणि ते लगेच ओळखू येते. पण एका पुरुषाने बाईच्या तोंडून एवढा मोठा संसार सांगावा आणि त्यातला बहुतेक भाग खरा वाटावा, हे आजही नवलाचेच आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात स्त्रीने स्वतः मोकळेपणाने लिहायचे ठरवले, तेव्हा मालती बेडेकरांना ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) मी या वर्षी पुन्हा वाचली. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. मुंबईला तो उतरतो, तिला उतरता येत नाही. दुसरे महायुद्ध पुरते पेटण्याच्या सुमारास मराठीत हे लिहिले गेले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तच आहे. मला या वाचनात जाणवला तो चक्रधरचा कोरडेपणा. स्त्रीवर विश्वास ठेवायचा नाही असे ठरवून बसलेला हा माणूस आपलीच कथा एखाद्या त्रयस्थाच्या थंडपणाने सांगतो, आणि त्या थंडपणामुळेच शेवटाचा घाव खोल बसतो. हीच कथा एखाद्या हळव्या निवेदकाच्या हाती पडली असती तर तिचे रडगाणे झाले असते.

सर्वांत जास्त दिवस मी रेंगाळलो ते व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) यांच्यापाशी. दोन्ही खेड्यातल्या, दोन्ही ‘मी’च्या तोंडून सांगितलेल्या, आणि दोन्हींत शेवटी एक भरलेली जागा ओकीबोकी होते. पण बनगरवाडीचा ‘मी’ हा वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर आहे. धनगरांना तो परका, त्याला धनगर अनोळखी. म्हणून कारभारी, रामोशी, मेंढरे, माळ हे सारे त्याला प्रथमच दिसते आणि आपल्यालाही. तालमीची इमारत उठते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात, मग दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरांसह वाट धरतात. मास्तर हळहळतो, पण त्याला दुसरीकडे जाता येते. ही त्याची सुटका माडगूळकर लपवत नाहीत आणि ती डोळ्यांवर आणूनही देत नाहीत. इतक्या कमी शब्दांत इतके सांगणारे गद्य मराठीत विरळाच.

‘गोतावळ्या’तल्या नारबाला अशी वाट नाही. मळ्यावरचा हा गडी. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हेच त्याचे नातेवाईक, आणि मालकाने ट्रॅक्टर आणल्यावर एकेक जनावर दावणीवरून जात राहते. तोवरच्या ग्रामीण कादंबरीत संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी मराठीत अशीच रीत बहुधा असे. येथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारे कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. माझ्या कानांना ती बोली जवळची, म्हणून मला वाचताना अडचण आली नाही; आमच्या वाचनालयातील नागपूरकडच्या एका सभासदांनी मात्र तीस-चाळीस पानांनंतर पुस्तक परत केले. मला त्यांचे पटले नाही, पण त्यांची तक्रार समजू शकतो, कारण उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधील (१९६०) वऱ्हाडी संवाद मलाही प्रथम मोठ्याने वाचावे लागले. एकदा तो सूर सापडल्यावर तिची नायिका कौतिक घरात वावरू लागली. ‘धग’ प्रथमपुरुषी नाही. तरीही नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी, दारिद्र्याशी आणि पुढे त्याच्या महारोगाशी झुंजणाऱ्या या बाईला सोडून निवेदक क्षणभरही उंचावर जाऊन बसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. ‘मी’ असला म्हणजे कादंबरी जिंकली, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) पुन्हा वाचल्यावर असे वाटले की तिच्यातल्या ‘मी’चे, पांडुरंग सांगवीकराचे, चुलतभाऊ मराठीत फारच वाढले आहेत. त्याचा तिरकसपणा अनेकांनी उचलला; पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या पानांवर तोच तिरकसपणा जसा कोलमडून पडतो, ते उचलणे कोणाला जमल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता त्या एका ओळीतल्या ओळखीकडे परत येतो. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ साली. दोन्हींना आपण ‘धरणग्रस्तांची कादंबरी’ म्हणतो आणि पुढे जातो. एकीत गाव, पुढारी, कचेऱ्या, मोर्चे, पुनर्वसनाची फसवणूक असा सगळा पट निवेदक वरून पाहून मांडतो. वाचकाला संताप येतो आणि व्यवस्थेची माहितीही होते. दुसरीत विस्थापित माणूस मागे राहिलेल्या, रानटी झालेल्या म्हशीला आणण्यासाठी जुन्या जागी जातो, आणि माणूस, जनावर व रान यांच्यापलीकडे फारसे काही दिसूच दिले जात नाही. मला दुसरी अधिक भावली, माझ्या मुलीला पहिली. पण ज्याला एक आवडली त्याला दुसरी आवडेलच, असे या समान लेबलावरून सांगणे अशक्य आहे. कर्ज काढून पुस्तके घेणारा वाचक आता राहिला नाही, आणि तीन-चारशे रुपये घालण्याआधी त्याला एवढे कळायला हवे, ही अपेक्षा गैर नसावी.

म्हणून एक सूचना करतो. कादंबरीच्या प्रत्येक परीक्षणासोबत, प्रकाशकाच्या परवानगीने, त्या कादंबरीतील पंधरा-वीस सलग ओळी चौकटीत छापाव्यात, आणि त्या शक्यतो पहिल्या प्रकरणातील असाव्यात. त्यासाठी जागा अपुरी पडत असेल, तर कथानकाचा सारांश कमी करावा. तो बहुतेक वेळा मलपृष्ठावरच्या मजकुराहून वेगळा नसतो. परीक्षकांनीही निवेदन कोणाचे आहे, ते कोणत्या बोलीत आहे आणि ते कोठे डळमळते, एवढे दोन वाक्यांत जरूर सांगावे. येत्या वर्षाच्या यादीपासून हे सुरू करता आले तर माझ्यासारखे वाचनालयाच्या रांगेत उभे राहणारे अनेक वाचक आपले आभारी होतील.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, सातारा