आरोग्यमंत्री साहेब, नुसत्या एका पासवर्डवर आमच्या आजारपणाची माहिती कशी ठेवता?

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार, यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी खानापूर तालुक्यातला. दवाखान्याच्या कॉम्प्युटरला दसऱ्याच्या आधी टू फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर कोडसारखी दुसरी तपासणी, बसवतो, बाहेरून कुणालाच नुसत्या पासवर्डवर आत जाता येणार नाही, असं तुमच्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. आता शिमगा आला. परवा बहिणीच्या कागदासाठी गेलो तर मॉनिटरच्या खालच्या कडेला तीच पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेननं तोच युजर आयडी, पासवर्डचे शेवटचे दोन आकडे तेवढे खोडून नवे केलेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

माझ्या धाकट्या बहिणीला टीबी झाला होता. सहा महिने एक गोळी न चुकवता औषध घेतलं, पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. चंदगडकडचं स्थळ आलं, सुपारी फुटली, आणि मग एक दिवस तिकडून निरोप आला की आम्हाला जमायचं नाही. का म्हणून विचारायला गेलो तर त्यांनी मोबाईलवर फोटोच पुढं केला, दवाखान्याच्या स्क्रीनचा. बहिणीचं नाव, वय, गाव, औषध चालू केल्याची तारीख. ती बरी झाल्याची नोंद त्याच पानावर खाली आहे, ती काही फोटोत आली नव्हती. तेव्हापासून बहीण ना कुणाच्या लग्नाला जाते ना जत्रेला, आणि आई शेजारच्या बायकांसमोर पदर डोळ्याला लावते. तिचा काय गुन्हा साहेब? सरकारी दवाखान्यावर विश्वास ठेवला हाच ना?

चौकशी केली तर म्हणाले, आयडी आमच्या ऑपरेटरचा आहे पण तो त्या दिवशी रजेवर होता, बाहेरून कुणीतरी लॉगिन केलंय. कुणीतरी म्हणजे कोण? एकच आयडी नर्स, ऑपरेटर, फार्मसीवाले सगळे वापरणार, घरून पण वापरणार, मग कोण होतं ते कळणार कसं? जिथं ओटीपी आहे म्हणतात तिथं तो एकाच डॉक्टर मॅडमच्या फोनवर जातो आणि खालून नर्स ओरडते, "मॅडम, ओटीपी आला काय बघा की!" याला सुरक्षा म्हणायची? गॅसची टाकी दारात घ्यायची तर मोबाईलवरचा कोड सांगावा लागतो, आणि हजारो लोकांचे आजार उघडायला चिकटपट्टीवरचं अक्षर पुरतं!

हे काही माझ्या एकट्याच्या घरचं रडगाणं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर गेले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा अडकला, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसेंदिवस हातानं केसपेपर लिहावे लागले. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत दवाखान्यांची बिलं बघणाऱ्या चेंज हेल्थकेअर कंपनीत चोर शिरले ते चोरलेल्या पासवर्डनं, बाहेरून लॉगिन करायच्या एका पोर्टलवर हीच दुसरी तपासणी बसवलेली नव्हती म्हणून, आणि १९ कोटी लोकांची माहिती गेली. आपल्याकडं केंद्रानं २०२३ साली लोकांची खाजगी माहिती जपायचा कायदा केला, २५० कोटींपर्यंत दंड लिहून ठेवला. कायदा दिल्लीत आणि चिकटपट्टी खानापुरात.

आणि हो, ओटीपी बसवतो म्हणून नुसता एसएमएस लावून मोकळे होऊ नका. कणकुंबी, जांबोटीच्या जंगलात रेंज कुठं मिळते ते एकदा येऊन बघा, डोंगरावर चढून बिचाऱ्या सिस्टरनी मेसेजची वाट बघायची का? शिवाय दुसऱ्यानं डुप्लिकेट सिम काढलं की ओटीपी त्याच्या हातात. दर ३० सेकंदांनी कोड बदलणारं ॲप असतं, त्याला रेंज लागत नाही, ते द्या. ज्यांच्याकडं तसला फोन नाही त्यांना कॉम्प्युटरला लावून ओळख पटवायची यूएसबीची चावी द्या, सरकारी खर्चानं, आशाताईंच्या तुटपुंज्या मानधनातून कापून नाही. फोन हरवला तर वापरायला जादा कोड आधीच काढून ठेवा, आणि रात्रीअपरात्री अपघाताचा पेशंट आला तर वॉर्डात कुणाचं काम कोडसाठी अडता कामा नये. आधी बाहेरून होणारं लॉगिन बंदिस्त करा, आणि प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्या, त्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे.

आता मनातलं बोलतो. मी तक्रार मराठीत लिहून नेली तर खिडकीवरून परत केली, कन्नडात आणा म्हणाले. घटनेच्या ३५० व्या कलमात लिहिलंय की गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. १९५६ ला आमचा मराठी भाग या राज्यात घातला तेव्हापासून आम्ही इथं हेच ऐकतोय, आधी भाषा बदलून या, मग तुमचं दुखणं बघू. बेळगावच्या सुवर्ण सौधात अधिवेशनं भरतात, रस्ते अडवले जातात, गाड्यांचे ताफे येतात, पण आमच्या तालुक्याच्या दवाखान्याचा विषय कुणाच्या तोंडी ऐकला नाही. टॅक्स भरताना आमची भाषा कुणी विचारत नाही!

बहिणीच्या नोंदीचा फोटो काढला त्या दिवशी तो आयडी किती वाजता, कुठल्या ठिकाणाहून उघडला गेला याची नोंद सिस्टिममध्ये असणारच. ती माझ्या बहिणीला लेखी द्या, मराठीत, अधिकाऱ्याच्या सहीनिशी. आणि टू फॅक्टरची नवी तारीख सांगणार असाल तर ती पण त्याच कागदावर लिहा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक भाऊ