जलपर्णी काढा, पण तळं बोडकं करू नका

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुणे जिल्ह्यातील तलाव आणि उजनी धरणाचा फुगवटा येथील जलपर्णी काढण्याची वेळ व पद्धत, आणि मासेमारीवर होणारा परिणाम

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की पुण्यात डासांची ओरड सुरू होते. मग सगळ्यांना जलपर्णी आठवते, निविदा निघतात, यंत्रं पाण्यात उतरतात आणि मे संपेपर्यंत उपसा चालतो. या धावपळीत आपल्या खात्याला कोणी विचारत नाही, कारण जलपर्णी हा आरोग्य आणि पर्यावरण विभागांचा विषय मानला जातो. तलावांत मासेमारीचे ठेके मात्र आपलं खातं देतं. पाण्यावरून काय काढलं, कधी काढलं आणि काय ठेवलं, यावर ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचं वर्ष ठरतं. म्हणून हे पत्र आपल्याला.

पहिली अडचण निविदेतच असते. ‘तलावातील वनस्पती काढणे’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तरंगणारी जलपर्णी आणि पाण्याखाली वाढणारं गवत (हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कारा वगैरे) दोन्ही एकाच दराने, एकाच यंत्राने उपसलं जातं. माशांच्या दृष्टीने ही दोन टोकं आहेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिचा थर जमला की खाली ऊन जात नाही, वारा पाणी घुसळत नाही, आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायची वाटच बंद होते. पाण्याखालचं गवत दिवसा स्वतः प्राणवायू सोडतं, गाळ धरून ठेवतं आणि पिल्लांना आसरा देतं. पहिली शक्य तितकी जायला हवी. दुसरं राखायला हवं, मापात.

जलपर्णीचा थर किती घातक, हे दुपारी मोजून कळत नाही. दुपारी दोन वाजता मोकळ्या पाण्याचा नमुना घेतला तर प्राणवायूचा आकडा छानच येतो. मीटर पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान, थराच्या कडेला आणि थराच्या मध्ये, पृष्ठभागाला, मधल्या खोलीवर आणि तळाच्या वर हातभर, असा तिन्ही ठिकाणी टाकावा लागतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असेल तर रोहू, कटला, मृगळ नीट वाढतात. ३ च्या खाली ते खाणं सोडतात. आणखी उतरला की तोंड वर काढून धापा टाकतात. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते तगतात आणि संस्थेने पैसे मोजून सोडलेली बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) मरते. शिवाय रात्री वाऱ्याने थर सरकला की लावलेली जाळी गुंडाळून नेतो आणि होडीला काठच सापडत नाही, तो त्रास वेगळा.

मग काढतोच आहोत की, असं कोणी म्हणेल. पण ‘नव्वद टक्के काढली’ या दाखल्याचा अर्थ पाहा. जलपर्णी आडव्या फुटव्यांनी वाढते. उन्हाळ्यात, सांडपाण्याच्या खुराकावर, साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. म्हणजे उरलेल्या दहा टक्क्यांचे दोन आठवड्यांत वीस, महिनाभरात चाळीस, दीड महिन्यात ऐंशी. बिल निघेपर्यंत तळं पुन्हा हिरवं झालेलं असतं. खरं काम शेवटच्या दहा टक्क्यांत आहे: दगडांच्या कपारी, बाभळींचे बुडखे, पंपघरांचे कोपरे, जिथे यंत्र जात नाही तिथे. तिथे दोन माणसांची होडी आणि दाताळंच लागतं, तेही दर पंधरा दिवसांनी. निविदेत नेमका याचाच दर नसतो.

तणनाशक फवारणीची कल्पना अधूनमधून डोकं वर काढते. स्वस्त दिसते, म्हणून. एक साधा हिशेब मांडतो. दाट थरात हेक्टरी ३०० टन ओली जलपर्णी सहज भरते. त्यातलं पाणी वजा केलं तर कोरडा ऐवज १५ टनांच्या आसपास. तो पाण्यात पूर्ण कुजायला जवळपास तेवढ्याच वजनाचा, म्हणजे १५ टन प्राणवायू लागतो. आता दोन मीटर खोल पाण्याच्या त्या एका हेक्टरात प्राणवायू आहे किती? पाणी २० हजार घनमीटर. लिटरला ६ मिलिग्रॅम धरले तरी १२० किलो. सव्वाशेपटीचा फरक. कुजणं महिनोन्महिने चालतं आणि हवेतून थोडी भर पडत राहते हे खरं, पण पहिल्या आठवड्यात मऊ पानं विरघळायला लागली की पहाटेचा आकडा तळाला जायला तेवढं पुरतं. मासे मेल्यावर नमुने प्रयोगशाळेत जातात, तिथे विष सापडत नाही आणि प्रकरण बंद होतं. सापडणार कसं? मासे बहुधा औषधाने मेलेलेच नसतात, गुदमरून मेलेले असतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तो मुद्दा आणखी निराळा. मासेमारीच्या पाण्यात फवारणी नको, एवढं आपल्या खात्याने लेखी कळवावं.

यंत्राने काढतानाही वेळ चुकली की हेच घडतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उथळ आणि गरम असतं. गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो. त्यात यंत्र तळाचा काळा गाळ ढवळतं. थर एकदम निघाला की सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाच्या वाट्याला येतं आणि पाणी हिरवंगार होतं. मग जूनमध्ये दोन दिवस आभाळ भरून आलं, की रात्री तेच शेवाळ उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं. पहिल्या पावसाच्या सुमारास मासे मरतात त्याचं खापर पावसाने वाहून आणलेल्या घाणीवर फुटतं. ते काही वेळा खरंही असतं. पण आधीच्या महिन्यात तिथे काय उपसलं होतं, हे कोणी विचारत नाही.

मुख्य उपसा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. थंडीत जलपर्णीची वाढ मंदावते, पाणी गार असल्याने प्राणवायू टिकतो आणि तलाव भरलेले असल्याने यंत्र तळाला लागत नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, काठाच्या पट्ट्यात यंत्र अजिबात नको, कारण तो स्थानिक माशांच्या विणीचा काळ. थराच्या कडेचं एक रोप उचलून बादलीत झटकून पाहावं: काळपट, पिसासारख्या मुळांतून झिंगे, गोगलगायी आणि नखाएवढी पिल्लं टपटप पडतात. थराच्या मधोमध असं काही मिळत नाही, तिथलं पाणी मेलेलं असतं. जीव कडेला असतो, आणि यंत्र सुरुवात कडेनेच करतं. हिवाळ्यातल्या उपशाला एक अडचण आहे, ती लपवत नाही. उजनीकाठच्या भिगवण, कुंभारगावच्या उथळ भागात तेव्हाच स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. तेवढा भाग वन विभागाशी बोलून वगळावा आणि तिथे फक्त होडीने, हाताने काम करावं.

थर सलग ओढू नये. होडीवरून दोराने आणि कोयत्याने दहा-दहा मीटरचे तुकडे पाडून एकेक तुकडा उचलण्याच्या जागी न्यावा. उघड्या पाण्याकडून काठाकडे रेटत गेलं तर मासे मध्ये कोंडले जातात. म्हणून थरातून खोल पाण्याकडे आधी वाट मोकळी करून द्यावी. रोपं वर घेताना पाण्यावरच झटकावीत. नदीवरून येणारा लोंढा अडवायला रिकाम्या पिंपांचा तरंगता अडसर पुरतो: दर तीन मीटरला २०० लिटरचं बंद पिंप, त्यातून पोलादी दोर आणि खाली साधारण अर्धा मीटर जाळीचा पडदा. तो प्रवाहाला काटकोनात बांधला तर मधोमध दाब येऊन तुटतो. ३० ते ४५ अंशांत तिरका बांधला की जलपर्णी आपोआप एका काठाला सरकते. तिथेच उचलण्याची सोय हवी, नाहीतर अडसर म्हणजे नुसती साठवण. मुळा-मुठेतला लोंढा पहिल्या पुरात दौंडवरून उजनीत उतरतो. हे अडसर मे अखेर शहराच्या खालच्या अंगाला उभे असतील तर इंदापूरच्या मच्छीमारांचं अर्धं काम हलकं होईल.

काढलेली जलपर्णी टाकायची कुठे, यात सगळ्यात जास्त हलगर्जी होते. काठावर ढीग लावले की दोन दिवसांत काळं पाणी झिरपून परत तलावात जातं. उजनीत तर त्याहून वाईट. मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना कोरड्या पात्रात रचलेले ढीग ऑगस्टमध्ये पाणी चढलं की तरंगतात आणि पुन्हा वाढायला लागतात. बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं आणि उघड्या, ओल्या चिखलावर ऊन लागलं की रुजतं. म्हणून ढीग पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, वरच हवेत. दोन-तीन दिवस सुकवून, बोटभर तुकडे करून, शेणाचा थर देत खत करता येतं. ढिगाच्या आत ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली आणि चाळवाचाळव झाली तरच बी मरतं. जलपर्णी पाण्यातले जड धातू मुळांत साठवते, तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याखालच्या पट्ट्यातलं खत भाजीपाल्याला देण्याआधी तपासून घ्यावं.

आता पाण्याखालच्या गवताबद्दल. पाषाणसारखा शहरी तलाव असो की एखादा पाझर तलाव, उथळ भागाचा २० ते ३० टक्के भाग गवताखाली असणं माशांना मानवतं. त्याहून दाट झालं तर जाळं फिरत नाही, गळ अडकतो आणि पहाटे प्राणवायू घसरतो. सगळं खरवडलं तर काय होतं? चिलापीला मोकळं रान मिळतं. तिचा नर उघड्या, उथळ तळात खड्डा करून घर मांडतो आणि मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला गवताची गरज नाही. मरळ मात्र गवतातच घरटं करते आणि पिल्लं राखते. गवत गेलं की मरळ जाते. बाजारात दोघींच्या दरात किती अंतर आहे ते आपल्या खात्याला सांगायला नको.

म्हणून सरसकट कापणी नको, गल्ल्या पाडाव्यात: काठाला काटकोनात, दोन-तीन मीटर रुंद, मध्ये वीस-पंचवीस मीटर गवत राखून. गवत आणि मोकळं पाणी यांच्या शिवेवर मासे घुटमळतात, जाळीही तिथेच लावता येतात. पातं तळापासून फूटभर वर ठेवावं. हायड्रिलाचा तुकडा तुकडा रुजतो, तेव्हा कापलेलं लगेच गोळा करणारी होडी मागे असलीच पाहिजे. नुसतं कापून सोडणं म्हणजे लावणी करण्यासारखं आहे. गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा, असा सल्लाही आपल्याकडे येत असेल. तो हायड्रिला आवडीने खातो, जलपर्णीच्या फारसा वाटेला जात नाही. मापाबाहेर सोडला तर आधी सगळं गवत फस्त करतो आणि विष्ठेतून तेच खत पाण्यात परत देतो. सांडव्यावरून नदीत गेला की परत आणता येत नाही. बंदिस्त तळ्यात ठीक, नदीवरच्या तलावात नको.

जलपर्णी खाणारे नियोकेटिना भुंगेरे बंगळूरच्या तलावांत १९८० च्या दशकात सोडले गेले आणि तिथे उपयोगी पडले. आपल्याकडेही चालतील, पण तीन-चार वर्षांचा धीर हवा, आणि दर वर्षी सगळी जलपर्णी उपसली तर भुंगेरेही तिच्याबरोबर ट्रकमध्ये जातात. सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीपुढे एकटे भुंगेरे कमी पडतील, असं आमचं मत आहे. अडसराने बंद केलेल्या एखाद्या कोपऱ्यात त्यांची पैदास ठेवावी, इतकंच.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. ठेका दिलेल्या कोणत्याही तलावात वनस्पती काढण्याआधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांची लेखी संमती आणि स्थानिक संस्थेने दाखवलेला नकाशा बंधनकारक करावा: काय काढायचं, काय राखायचं. कंत्राटदाराचं बिल ओल्या वजनावर काढू नये, त्यात बहुतांश पाणीच असतं. ठरलेल्या तारखांना मोकळं दिसणारं पाणी मोजून, वर्षभराच्या देखभालीसह, हप्त्यांनी द्यावं. आणि काम चालू असताना रोज पहाटेची प्राणवायूची नोंद ठेवावी. आकडा ३ च्या खाली गेला की त्या दिवशी यंत्र बंद. मीटर संस्थेच्या हाती द्यावा, कारण पहाटे पाचला पाण्यावर तीच माणसं असतात.

नोव्हेंबरात यंत्र उतरायचं तर निविदा प्रक्रिया सप्टेंबरमध्येच आटोपायला हवी. अर्थसंकल्पातला निधी मार्चअखेर संपवण्याच्या घाईत ही कामं उन्हाळ्यात ढकलली जातात. तेव्हा यंदाच्या वेळापत्रकाबद्दल आपल्या विभागाचं पत्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांना, जिल्हा परिषदेला आणि जलसंपदा विभागाला पावसाळा संपण्याआधी जावं, ही विनंती.

आपले,
पुणे जिल्ह्यातील तलावांवर काम करणारे मत्स्य व जलवनस्पती अभ्यासक आणि मच्छीमार
पुणे