मेंढीकोटवाल्याला ब्रिजचं आवतण

कोल्हापूर

प्रिय भावा,

पावसानं पार वैताग आणलाय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, रंकाळ्यावरचं फिरणं बंद. मग राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांकडं पत्ते कुटायला जायला लागलो. मेंढीकोट नव्हे, ब्रिज! हस लेका, हस.

13-13 पानं, समोर भिडू, रंगाला रंग, नसेल तर हुकूम मारायचा. इथपर्यंत सगळं घरचंच. पण ज्या दश्श्यांसाठी आपण जीव टाकायचो, त्यांना इथं हातातल्या पानांची ताकद मोजताना कुणी विचारत नाही. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. हुकूम लिलावात, म्हणजे बोली लावून, ठरतो. ‘चार इस्पिक’ बोललास की सहावर चार, म्हणजे 10 हात करून दाखवायचे. नऊच झाले की गुण विरुद्ध जोडीला.

माझा जीव अडकलाय तो डमीत. बोली आपली झाली, पहिलं पान पडलं, की भिडू सगळी पानं उघडी मांडून गप्प बसतो, तोच डमी. दोघांचीही पानं मीच खेळायची. समज, डमीत बदामाचा एक्का-राणी आहे, राजा विरुद्ध जोडीकडं. तू थेट एक्का आपटशील, मला माहितेय! इथं मी माझ्या हातातली बदाम दुर्री सोडतो. डावीकडच्यानं बारकं पान टाकलं की डमीतून राणी. राजा डावीकडं असला तर राणीचा हात झाला, उजवीकडं असला तर राणी गेली. ह्याला फिनेस म्हणतात. एरवी निम्म्यानिम्म्याचा मामला, पण डावीकडचा लिलावात मोठं बोलला असेल तर राजा त्याच्याकडंच असायची शक्यता जास्त. म्हणून कोण काय बोललं ते शेवटपर्यंत ध्यानात ठेवायचं. मला त्यातच खरी गंमत वाटते.

आणि हो, कान खाजवणं, खोकणं बंद. भिडूला सांगायचं ते बोलीतून नाहीतर टाकलेल्या पानांतूनच, आणि त्याचा अर्थ विरुद्ध जोडीही विचारू शकते. तुझं कसं व्हायचं, देव जाणे.

वयाचं कारण सांगू नकोस. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा ब्रिज ठेवलं, तेव्हा प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीनं सुवर्ण आणलं. वर्धन साठीचे होते!

गणपतीत येतोयस ना? आमच्यातला एकजण पुण्याला मुलाकडं चाललाय, चौथा भिडू हवाय. येताना प्लास्टिकच्या पत्त्यांचे दोन जोड आण, इथले दमटपणानं चिकटायला लागलेत.

तुझा जुना भिडू