‘आपल्याकडे असं पद नव्हतं’ म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या राजसंगीतकारावरचा, म्हणजे तिथल्या राजघराण्याने नेमलेल्या संगीतकाराच्या पदावरचा, लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले, आज राहवत नाही. लेख तसा मेहनतीने लिहिलाय. १९२४ साली एल्गर आले तिथपासून २०२४ साली एरोलिन वॉलेन आल्या तिथपर्यंत सगळी नावं ओळीने दिली आहेत. पण शेवटी लेखकमहाशयांनी ‘आपल्याकडे मात्र असं पद कधी नव्हतं’ असं ठोकून दिलंय. तुमच्याकडे हे कोणी वाचत नाही का छापण्याआधी?

मग बडोदा दरबारचा, गवया-वादकांचा कलावंत कारखाना काय होता? (कारखाना म्हणजे खातं, धुराडं नव्हे. हल्ली हेही सांगावं लागतं.) तिथे गवयांना छापील नियम होते, रजेचे आणि दंडाचेसुद्धा. गवई मौलाबक्षांनी १८८६ साली तिथे गायनशाळा काढली, ती आज विद्यापीठाचा भाग आहे. गवई फैयाजखाँसाहेब त्याच दरबारचे, आणि ‘प्रेमपिया’ या नावाने त्यांनी बांधलेल्या चिजा लोक अजून गातात. कोल्हापुरात शाहू महाराजांकडे गवई अल्लादियाखाँ होते. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. मैहर संस्थानात सरोदिये अल्लाउद्दीनखाँसाहेबांनी तिथल्या महाराजांसाठी अख्खा वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नळतरंग केलं. हे सगळे काय दरबारात पंगतीला बसले होते?

बरं, लंडनचं तरी नीट लिहावं. लेखात संगीतकार हँडेललाही त्या पदावर बसवलंय; तो त्या पदावर कधीच नव्हता. १७२७ च्या राज्याभिषेकाची गाणी त्याने केली हे खरं, त्यातलं एक आजही दर राज्याभिषेकाला गातात हेही खरं. पण तेव्हा पदावर होते जॉन एक्लिस. ते किंग्स्टनला राहायचे आणि मासे धरायचे. राजाच्या वाढदिवसाला एक आणि नववर्षाला एक असं गाणं दरसाल बांधून द्यायचे, बाकी गळ आणि नदी. मला तर हा मनुष्य फार आवडला.

माझ्या आजोबांच्या नशिबी गळ नव्हता. ते दक्षिणेतल्या एका लहानशा संस्थानात दरबारी संगीत मास्तर होते. संस्थानाचं नाव घेत नाही, वारस आहेत आणि आमचं अजून हळदीकुंकवाला जाणं-येणं आहे. आजोबांची कामं अशी: राजकन्यांना पेटी शिकवायची, दसऱ्याला बँडवाल्यांना नवी चाल बसवून द्यायची, वाड्यात बारसं असलं की पाळणा रचायचा. आणि पोलिटिकल एजंट (संस्थानावर देखरेख ठेवणारा इंग्रज साहेब) येणार असला की स्वागताचं पद, म्हणजे गाणं.

एका वर्षी असं पद त्यांनी झपतालात (दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे खंड) बांधलं. साहेबाचं आडनाव तीन मात्रांचं, तिसऱ्या मात्रेवर सुरू होऊन खंडात अगदी मापात बसलं. शाळेतल्या पोरांकडून पंधरा दिवस घोटून घेतलं. भेटीच्या चार दिवस आधी साहेबाची बदली झाली. नव्याचं आडनाव लांबलचक, मध्ये दोन जोडाक्षरं, ताणून-दाबून कसंही म्हटलं तरी सहा मात्रा खाणारं. आजी सांगायची, ते रात्रभर ओसरीवर बोटांनी मात्रा मोजत आणि ते आडनाव पुटपुटत फेऱ्या मारत होते; शेजारच्यांना वाटलं मास्तरांना काहीतरी लागिर झालंय. पहाटे तोडगा सापडला. आधीच्या तीन मात्रांना जोडून आणखी तीन हव्या होत्या, त्या त्यांनी महाराजांच्या नावामागचं ‘श्रीमंत’ काढून मिळवल्या.

पोरं बिनचूक गायली. साहेब खूश झाला, त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं. महाराजांच्याही लक्षात आलं नाही. कारभाऱ्यांच्या आलं. दोन रुपये दंड, आणि यापुढे मंजूर पदात फेरफार करणे झाल्यास आधी कळवावे, असा मोडीतला हुकूम. तो हुकूम माझ्या ट्रंकेत आहे. पगार तेव्हा पंचवीस होता. दोन रुपये म्हणजे काय ते हिशेब करणाऱ्याने करावा.

गंमत म्हणजे ते गाणं गेलं, कोणाकडे लिहिलेलं नाही, आणि दंडाचा कागद तेवढा राहिला. राण्यांच्या पोरींना शिकवलेल्या चिजांचंही तेच. आजोबांनी स्वतःच्या आवडीचं जे बांधलं, त्यातली यमनातली एक आई भांडी घासताना गुणगुणायची. मला अंतरा येत नाही. म्हणून ‘कधी नव्हतं’ हे वाक्य मला जरा जास्तच लागलं असेल, ते मान्य.

आणि लंडनचा तो राजसंगीतकार माल्कम विल्यमसन! १९७७ साली राणीच्या रौप्यमहोत्सवाची सिंफनी वेळेत पुरीच झाली नाही, तरी पद मरेपर्यंत त्याच्याकडे. आमच्या कारभाऱ्यांनी काय केलं असतं, विचार करा.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. गेल्या आठवड्यात तुम्ही एका मैफलीची बातमी दिलीत. तीन कॉलम, फोटोसकट. दीपप्रज्वलन कोणी केलं, शाल कोणी दिली, प्रायोजक कोण, मिळून सात नावं मोजली मी. गायिकेने कोणता राग गायला ते नाही. तबल्याला कोण, पेटीला कोण, ते तर नाहीच. आमच्या संस्थानाच्या दफ्तरात निदान तबलजीचं नाव पगारपत्रकावर असायचं.

दुरुस्ती छापणार असाल तर हँडेलचीही छापा. आणि तबल्यावर कोण होतं ते तुमच्या वार्ताहराला आठवत नसेल तर त्याला मला फोन करायला सांगा. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तो मध्यंतरात चहाला गेला तो परत आलेला दिसला नाही.

आपली,
एक जुनी वाचक
(कृपया नाव छापू नये)
पुणे ३०