चेरी सायडर दहाव्या दिवशी बाटलीत भरू नका

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत परदेशस्थ वाचकांसाठी चेरी आणि दालचिनी घातलेल्या सायडरची (सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याची) कृती आली आहे. सफरचंदाचा साडेचार लिटर रस, किलोभर चेरी, दालचिनी, सहा लवंगा आणि यीस्ट सगळे पहिल्याच दिवशी एकत्र, दहाव्या दिवशी काचेच्या बाटल्यांत भरून बूच घट्ट. यातली पहिली पायरी चव घालवते आणि शेवटची बाटली फोडते.

हिशेब साधा आहे. किलोभर चेरीत साधारण 120 ग्रॅम साखर असते, म्हणजे लिटरमागे 26-27 ग्रॅम. बंद बाटलीत लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की सायडरच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चेरीची निम्मी साखर शिल्लक राहिली तरी वायू सव्वातीन पट, शिवाय आधीचा विरघळलेला वेगळाच. बिअरची साधी बाटली तिपटीच्या पुढे भरवशाची नाही. बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असेही नव्हे. इंग्लंडच्या थंडीत यीस्ट नुसते सुस्तावते. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, साखर आंबत जाते तसा तिचा आकडा उतरतो) 1.000 किंवा त्याखाली येऊन तीन दिवस तिथेच राहिला तरच बाटल्या काढाव्यात.

आधी नुसता रस आंबवावा. भर ओसरला की साका तळाशी ठेवून सायडर नळीने रुंद तोंडाच्या बादलीत घ्यावे. चेरी आधी गोठवून वितळवावी, म्हणजे पेशी फुटून रस सुटतो. तिच्यात कॅम्पडेनची (जंतू मारणाऱ्या सल्फाइटची) एक गोळी कुस्करून 24 तास ठेवावे, पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट घटक, तोडणारे एन्झाइम घालावे (नाहीतर सायडर कधीच निवळत नाही) आणि उकळलेल्या नायलॉनच्या पिशवीत बांधून ती सायडरमध्ये सोडावी. पाचवा हिस्सा जागा रिकामी ठेवा. फळ तरंगते, पिशवी रोज स्वच्छ चमच्याने खाली दाबली नाही तर वरच्या कोरड्या फळावर बुरशी धरते. अरुंद गळ्याच्या बरणीत हा उद्योग करूच नये. गर एअरलॉकमध्ये (बुचातल्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत) अडकतो आणि बूच छताला लागते. दोन आठवड्यांनी पिशवी काढावी, न पिळता.

मसाल्याचे गणित उलटे. फळ म्हणजे साखर, तिला आंबायला वेळ लागतो. मसाला म्हणजे वास, आणि उसळत्या आंबवणात तो वायूबरोबर उडून जातो. म्हणून मसाला सगळ्यात शेवटी. साडेचार लिटरला दालचिनीची एक कांडी आणि दोन लवंगा पुष्कळ. सहा लवंगांचे सायडर दंतवैद्याच्या खोलीसारखे लागते, आणि एकदा उतरलेली लवंग परत काढता येत नाही. त्याहून बरे म्हणजे मसाला थोड्या व्होडकात आठवडाभर भिजवून 100 मिलिलिटर सायडरमध्ये थेंबथेंब घालून चाखावे. अर्धा मिलिलिटर जमला तर साडेचार लिटरला साडेबावीस मिलिलिटर. आमसुले घालायची हौस असेल तर बिनमिठाचीच घ्या.

गोडवा राखायला काही जण यीस्टची वाढ रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट नुसतेच घालतात. सोबत कॅम्पडेन नसेल तर जिवाणू त्यापासून जिरेनियमच्या चुरडलेल्या पानांचा वास तयार करतात. त्यावर उपाय नाही, सगळे ओतून द्यावे लागते.

जाता जाता: ब्रिटिश अबकारी नियमांत चेरी घातलेले पेय विकायला काढले की ते सायडर राहत नाही, कर वेगळ्या वर्गात लागतो. घरच्यापुरते करणाऱ्यांना त्याचा त्रास नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. हे कृतीखाली छापायला हवे होते.

ज्यांनी बाटल्या आधीच भरल्या आहेत त्यांनी जाड हातमोजे आणि चष्मा घालून, टॉवेलात गुंडाळून, त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पूर्ण गार झाल्यावर मोरीत, टॉवेल वरून तसाच ठेवून, बूच हळूहळू सैल करावे.

आपले,
दोन वाचक, हेरफर्डशायर, इंग्लंड