कालवण आटलं तर

लातूर,
१४ जून

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू एवढा हसलास की मी पुढचं बोलणंच सोडून दिलं. "प्यायला पाणी नाही आणि निघाला समुद्र पाळायला!" हस लेका. रत्नागिरीला बँकेच्या खिडकीतून समुद्र बघणाऱ्यानं हसावंच. पण घरात खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची टाकी कशी मांडली ते सगळं ऐकून हस, म्हणून हे पत्र.

सातवीची सहल आठवते का? मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ सालची ती इमारत, आत ओलसर अंधार, आणि आपण दोघं काचेला नाक लावून उभे. सरांनी कान धरून ओढलं तेव्हा कुठं हललो. चाळिशी उलटल्यावर ते खूळ पुन्हा डोक्यात शिरलं, बाकी काही नाही.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी १६० लिटरच. काच, स्टँड, दगड धरून वजन अडीच क्विंटलच्या घरात जातं. सोयाबीनचे चार-पाच कट्टे एकावर एक रचून वर्षभर तिथंच ठेवल्यासारखं. म्हणून खालच्या मजल्यावर, भिंतीलगत ठेवली.

मग पाणी. शेजारचे काका म्हणाले, "आपलं बोअर खारंच हाय की, त्यातच सोड." सगळ्यांना हेच वाटतं. बोअरला आपण खारं म्हणतो ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं, बादलीला पांढरा थर धरतो तो. माझ्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ११४०, म्हणजे लिटरमागे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम! शिवाय बोअरमध्ये शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं, त्यावर टाकीत नुसतं शेवाळ माजतं. दुसरा एक शहाणा म्हणाला, लोणारहून आण. लोणारच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, समुद्राचा आठच्या जरा वर. मासा तासभरही टिकायचा नाही.

म्हणजे आधी पाण्यातलं सगळं काढायचं आणि मग हवं तेवढंच परत घालायचं. घरच्या आरओचं पाणी ४०-५० टीडीएसचं येतं, पिण्याला छान, पण टाकीला शून्य लागतं. म्हणून पुढं उरलेले क्षार धरून ठेवणारं एक रेझिनचं नळकांडं जोडलं. अडचण अशी की एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर पाणी वाया जातं. १६० लिटरला पाचशे लिटर! आईनं ते ऐकलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी खालीच बघत बसलो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा टँकरपुढं घागरींची रांग तिनं धरलीय. तिनं दोन ड्रम आणवून नळीखाली लावले. ते पाणी धुण्याला, फरशीला, संडासाला. एक थेंब गटारीत गेला नाही. मला वाटतं, टाकीचं खरं काम त्या दिवसापासून सुरू झालं.

मीठ किराण्यातलं चालत नाही बरं का. समुद्राच्या क्षारात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्के, उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. त्याचं तयार मिश्रण मिळतं. सहा किलो लागलं. वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर ढवळलं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, घनता समुद्राएवढी १.०२५ बघून मगच टाकीत ओतलं.

यानंतर महिनाभर रिकामी टाकी. पाहुणे यायचे, विचारायचे, मासे कुठायत? मी म्हणायचो, आधी जिवाणू. हे तुला सांगायला नको, तुझ्या वडिलांनी आयुष्यभर युरिया टाकलाय. युरियाचा अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकीतही तेच, फक्त इथं अमोनिया माशाच्याच अंगातून, मुख्यतः कल्ल्यांतून, येतो आणि तो त्याला तिथंच मारतो. म्हणून जिवाणू आधी वाळूत-दगडात वसवायचे. त्यांना खायला अमोनिया मिळावा म्हणून नवसागर घालायचा, आपल्याकडं कल्हईवाला वापरायचा तोच. पण बाजारातला भेसळीचा, म्हणून प्रयोगशाळेच्या दुकानातून शुद्ध आणला. सोळाव्या दिवशी नायट्राइट चढलं. तेहतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, म्हणजे जिवाणू वसले. मधल्या काळात काचेवर तपकिरी साय आली होती, ती आपोआप गेली.

मासे मुंबईहून आणले. दोन क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे समुद्री मासे, समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीतच जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ही पैदास आपल्याकडं केव्हाच जमवलीय, तर दर्यातले कशाला ओढायचे? थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, लातूर एक्स्प्रेसनं आले. आई म्हणाली, "आधी पाणी रेल्वेनं आलं, आता मासे यायलेत." सलाईनच्या नळीनं थेंबथेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडत तासभर बसलो. आईनं नावं ठेवली झेंडू आणि शेवंती. गंमत म्हणजे हे सगळे जन्मतात नर, आणि जोडीतला थोराड असतो तो मादी होतो. म्हणजे आमचा झेंडूच शेवंती व्हायलाय, आणि शेवंती झेंडू. आईला हे अजून सांगितलं नाही.

एका विक्रेत्यानं जिवंत प्रवाळांचे फोटो पाठवले, घरपोच म्हणे. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडा हा मासाही कायद्यानं संरक्षित. नंबरच काढून टाकला. माझे दगडही चिनीमातीचे आहेत. तुला किनाऱ्यावर काही सापडलं तरी माझ्यासाठी उचलू नकोस.

आता खरी गोष्ट. मे महिना. पाणी ३१ अंशांवर गेलं, आणि या माशांना २६-२७ बरं. पाणी गार करायच्या यंत्राचे, चिलरचे, पैसे उरले नव्हते. टाकीवर तिरपा एक छोटा पंखा लावला आणि चार अंश खाली आलं! माठ गार होतो ना, तसंच. आपली हवा कोरडी म्हणून जमतं, तुझ्या कोकणात हे व्हायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मराठवाड्याच्या उन्हाचा उपयोग झाला. पण पंख्यानं दिवसाला चार लिटर पाणी उडायचं. पातळी उतरली की मी इमानानं तयार खारं पाणी ओतायचो. आठ दिवस. नवव्या दिवशी मासे वर येऊन भराभर कल्ले हलवत होते. मीटर लावला तर घनता १.०३०, पाणी जास्तच खारं. माझं डोकंच चालेना. टेस्ट किट काढली, अमोनिया शून्य. पंप बघितला, ठीक.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "काय झालं रे?" सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "कालवण आटलं तर त्यात पाणी वततोस का मीठ?"

दिग्या, मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलंय. उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं, हे मिठागरापासून चहाच्या भांड्यापर्यंत सगळीकडं दिसतं, आणि मी रोज दीडशे ग्रॅम मीठ वाढवत होतो. एकदम पातळ केलं असतं तर मासे त्यानंच गेले असते, म्हणून रोज पाच लिटर काढून पाच लिटर गोडं घालत पाच-सहा दिवसांत खाली आणलं. दोघं वाचले.

लाईट गेली की लाटांचा पंप इन्व्हर्टरवर चालतो, दहा वॅटचा आहे, टीव्ही बंद राहिला तरी हरकत नाही. खर्चाचं मात्र विचारू नकोस, घरीही खरा आकडा सांगितलेला नाही.

वेळ अमावस्येला ये. भज्जी आणि आंबील झाली की घरी येऊन बघ. मागं तू वीस लिटरचा कॅन भरून आणतो म्हणालास, तो आणू नकोस. पावसाळ्यानंतर किनाऱ्याचं पाणी कधी पातळ, कधी बंदरातल्या तेलाचं. आणि आल्यावर टाकीत पाणी कमी दिसलं तरी हात लावू नकोस. आईनं काचेवर पाण्याच्या रेषेला एक लाल टिकली चिकटवलीय. रोज सकाळी देवपूजा झाली की तांब्याभर शून्य टीडीएसचं पाणी घेऊन टिकलीपर्यंत भरते, आणि मला जवळ येऊ देत नाही.

तुझा,
विन्या